डेस्कटॉप काढून मोठा लॅपटॉप घेताय? आधी वॉट बघा

मी परभणीत लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, आणि अल्बम डिझाइन करते. सीझन नसला की पत्रिका, फ्लेक्स, निवडणुकीची पत्रकं. गाळ्यातलं रोजचं काम आता डेस्कटॉपवर नाही, मोठ्या लॅपटॉपवर चालतं. सेलू, जिंतूर, गंगाखेड, पाथरीकडचे फोटोग्राफर कॅमेऱ्याचं कार्ड द्यायला आले की एकदा तरी विचारतात, "ताई, आम्हीबी लॅपटॉप घ्यावा म्हणायलोत, कोणता घ्यावा?" मी मॉडेलचं नाव सांगायचं टाळते. मॉडेल वर्षभरात बदलतं, आणि एकाच नावाखाली वेगवेगळा माल मिळतो. त्यापेक्षा काय बघून घ्यायचं, ते नीट सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. दुकानात पहिल्या पाच मिनिटांत लॅपटॉप जो वेग दाखवतो, तो त्याचा खरा वेग नाही. मे महिन्यात, दुपारी तीनला, पत्र्याखालच्या गाळ्यात तासाभराचं रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं) चालू असताना शेवटच्या दहा मिनिटांत जो वेग उरतो, तोच तुमचा. पैसे त्याचेच द्यायचे. खाली जे काही सांगितलंय ते सगळं यावरूनच ठरलेलं आहे.

मुळात लॅपटॉप हवा का

एकाच टेबलावर बसून काम, ऑफिस सोडून कुठं जाणं नाही, आणि लाइन फारशी जात नाही, असं असेल तर डेस्कटॉपच घ्या. तेवढ्याच पैशात तो जास्त काम देतो, थंड राहतो आणि बिघडला तर एकेक पार्ट बदलता येतो. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स आणि प्रोसेसर बोर्डावरच बसवलेले असतात. पाच वर्षांनी फक्त ग्राफिक्स कार्ड बदलू म्हटलं तर ते होत नाही.

आमच्याकडं लॅपटॉप परवडतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे लाइन. आमच्याकडं वीज गेली की तासाभरात येईल याची खात्री नाही, आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर दिवस जातो. दुसरं कारण, आता पार्टी, म्हणजे लग्नाचं गिऱ्हाईक, आदल्या रात्रीच्या हळदीचा टीझर दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयातल्या एलईडी वॉलवर मागते. मग मशीनच कार्यालयात न्यावं लागतं. दिवसा गाळा आणि रात्री घर, अशा दोन जागी काम करणाऱ्यालाही हे सोयीचं. यातलं एकही कारण तुम्हाला लागू नसेल तर इथंच थांबा आणि चांगला डेस्कटॉप बांधून घ्या.

नाव तेच, वॉट वेगळे

दुकानदार सांगतो, "ताई, आय सेव्हन हाय, आरटीएक्स हाय, अजून काय बघायलात?" बघायचं इथूनच पुढं.

प्रोसेसरच्या नावात आय फाइव्ह की आय सेव्हन यापेक्षा शेवटचं अक्षर महत्त्वाचं. इंटेलचा आय सेव्हन १३५५यू घ्या आणि आय फाइव्ह १३४५०एचएक्स घ्या. दोन्हीत दहा कोअर, म्हणजे काम करणारे भाग, आहेत. पण यूवाल्यात मोठे कोअर फक्त दोन आणि बाकी आठ छोटे, एचएक्सवाल्यात मोठे सहा आणि छोटे चार. यूचा मूळ वॉट १५, एचएक्सचा ५५; वॉट जास्त म्हणजे चिपला सलग जोरात चालायला वीज जास्त. म्हणजे नावानं आय सेव्हन असलेला लॅपटॉप रेंडरला आय फाइव्हच्या मागं पडतो. यू अक्षराचं मशीन टायपिंग, बिलिंग, ऑनलाइन फॉर्म भरायला उत्तम आहे, बॅटरीही जास्त चालते. डेस्कटॉपच्या जागी ठेवायला ते नाही. आपल्याला एच किंवा एचएक्स पाहिजे. एचएक्स म्हणजे डेस्कटॉपचीच चिप लॅपटॉपच्या बोर्डावर बसवलेली, त्यामुळं ती उष्णताही तशीच करते आणि तिला जाड अंग लागतं. नव्या अल्ट्रा नावांतही हीच अक्षरं शेवटी येतात, तिथंही तेच बघा. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरांतही एचएस, एच, एचएक्स हीच कामाची अक्षरं. फक्त त्यांच्या रायझनच्या ७००० मालिकेत आकडा नीट वाचा. तिसरा आकडा चिपची पिढी सांगतो. ७७३५एचएस ही जुन्या पिढीची आणि ७८४०एचएस नव्या पिढीची, नावं मात्र शेजारीशेजारी.

आता ग्राफिक्स. इथं लोक जास्त फसतात. लॅपटॉपचं आरटीएक्स ४०६० हे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपची कंपनी ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वॉटवर बसवू शकते. स्टिकर तोच, नाव तेच. बारीक, देखण्या अंगाच्या मशीनमध्ये तेच ४०६० कमी वॉटवर बांधलेलं असतं, आणि जाड मशीनमधल्या ४०५० ला ते फार मागं टाकत नाही. या वॉटला टीजीपी म्हणतात. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या माहितीत तो आकडा बारीक अक्षरात असतो. दुकानात मशीन समोर असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, हेल्पमध्ये सिस्टम इन्फर्मेशन, तिथं मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर लिहिलेलं दिसतं. ४०६० साठी तिथं १०० च्या आसपास किंवा वर आकडा असेल तर चिंता नाही. ६०, ७० दिसला तर त्या नावाचे पूर्ण पैसे देऊ नका.

मेमरीचा आकडाही बघा. लॅपटॉपच्या ४०५० ला ६ जीबी, ४०६० आणि ४०७० दोन्हीला ८ जीबी. ४०७० साठी पंधरा-वीस हजार जास्त मागत असतील तर मी देणार नाही. तेवढ्यात रॅम आणि दुसरी एसएसडी (फाइल साठवायची डिस्क) येते, आणि टाइमलाइनवर, म्हणजे जिथं क्लिप ओळीनं लावतो तिथं, त्यांचा उपयोग जास्त जाणवतो. नव्या मालिकेत ५०६० ला ८ जीबी आणि ५०७० टीआयला १२ जीबी आहे. ४के टाइमलाइनवर नॉइज (अंधारातल्या चित्रणातले दाणे) काढायचे, रंगाचे भारी इफेक्ट रोज टाकत असाल तर १२ जीबी असलेलं घ्या. फक्त कापणं, जोडणं, गाणं टाकणं, एवढंच असेल तर ८ पुरतात. आणि डेस्कटॉपच्या कार्डाशी नावानं तुलना करू नका. लॅपटॉपच्या ४०९० मध्येसुद्धा डेस्कटॉपच्या ४०८० ची चिप आहे.

मिक्सिंगवाल्यांसाठी खास

हा भाग फक्त व्हिडिओवाल्यांनी वाचावा, पण तो नीट वाचावा. यावर कुणी बोलत नाही.

सोनी ए७ फोर, कॅनन आर६ असे कॅमेरे आता गावोगावी आले. ते ४के मध्ये एच.२६५ या प्रकारची, १० बिट, ४:२:२ रंगाची फाइल काढतात. तिच्यात रंगाची माहिती जास्त असते, पण ती फाइल उलगडायला मशीनला फार जड जाते. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमध्ये जी आतली ग्राफिक्स चिप असते, तिच्यात क्विक सिंक नावाची सोय आहे. ती ४:२:२ ची एच.२६५ फाइल सहज उलगडते. एनव्हिडियाच्या ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांना ४:२:२ उलगडताच येत नाही, ५० मालिकेपासून येतं. म्हणजे भारी ४० मालिकेचं कार्ड आणि शेजारी ही सोय नसलेला प्रोसेसर असला तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर पडतो आणि टाइमलाइन अडकायला लागते. त्यात आपल्याकडं बरंच मिक्सिंग एडियस या सॉफ्टवेअरवर चालतं, आणि एडियस क्विक सिंकवर फार अवलंबून आहे. म्हणून लग्नाच्या मिक्सिंगसाठी माझं मत सरळ आहे: इंटेल एच किंवा एचएक्स घ्या. एएमडी वाईट नाही. अल्बम, फ्लेक्स, थ्रीडी यांना तो मस्त आहे आणि बऱ्याचदा कमी विजेत तेवढंच काम करतो.

इंटेल घेतल्यावर एक सेटिंग लक्षात ठेवा. बहुतेक मोठ्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचे दोन प्रकार निवडता येतात, हायब्रिड (दोन्ही चिप चालू) किंवा फक्त एनव्हिडिया. गेम खेळणारी पोरं दुसरं निवडतात. ते निवडलं की इंटेलची आतली चिप बंद होते आणि तिच्याबरोबर क्विक सिंकही जातं. मिक्सिंगला हायब्रिडच ठेवा. "नवीन मशीन असून टाइमलाइन अडकायलीय" म्हणून माझ्याकडं आलेल्या लॅपटॉपांत मी आधी हेच सेटिंग बघते.

पडदा टेपनं मोजा

लोक १७ इंच म्हणजे मोठा आणि १६ इंच म्हणजे छोटा असं धरून चालतात. हा आकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा असतो. जुन्या १७.३ इंची पडद्याचं प्रमाण १६:९, म्हणजे लांबट. नव्या १६ इंचीचं १६:१०, म्हणजे थोडा उंच. स्टीलचा टेप लावून मोजलंत तर १७.३ इंची पडदा ३८.३ सेंटिमीटर रुंद आणि २१.५ उंच भरतो. १६ इंची ३४.५ रुंद आणि उंचीला तोच, २१.५. म्हणजे उंचीत दोघांत काहीच फरक नाही, फक्त बाजूला जवळपास चार सेंटिमीटर जास्त. टाइमलाइनला ती जास्तीची रुंदी बरी पडते. पत्रिका आणि पुस्तकाच्या पानाला उंची लागते, तिथं १७.३ घेऊन काही हातात येत नाही. खरा मोठा पडदा पाहिजे तर १८ इंच, १६:१०. तो ३८.८ रुंद आणि २४.२ उंच. शेजारी २४ इंची मॉनिटर ठेवला तर तो ५३ रुंद आणि ३० उंच भरतो. डेस्कटॉपच्या मॉनिटरची सवय असलेल्याला १८ इंचीही पहिले काही दिवस छोटाच वाटेल.

म्हणून आधी ठरवा. गाळ्यात जुना मॉनिटर चांगला आहे का? असेल तर १६ इंची लॅपटॉप घ्या आणि मॉनिटर एचडीएमआयनं जोडा, दोन पडदे मिळतील. बिन (क्लिपची यादी) आणि टाइमलाइन एकीकडं, चित्र दुसरीकडं. मॉनिटर नसेल, किंवा घरी आणि कार्यालयातही मोठाच पडदा लागत असेल, तर १८ इंची. तो तीन किलोच्या वर भरतो आणि अॅडॉप्टर वेगळा, तोही किलोच्या आसपास. साध्या बॅगेत बसत नाही. एसटीनं गंगाखेडला जायचं असेल तर ते वजन खांद्यावर घेऊन बघा आणि मग ठरवा.

रंगाची परीक्षा सोपी आहे. तुम्ही आधी छापून आणलेल्या अल्बमचं एक शीट बरोबर न्या, ज्यात हळदीचा पिवळा आणि शालूचा मरून दोन्ही आहेत. त्याच फोटोची मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या. दुकानात फाइल उघडा, पडद्याची चमक अर्ध्यावर आणा आणि छापलेलं शीट पडद्याशेजारी धरा. पडदा किती रंग दाखवतो ते माहितीपत्रकात एनटीएससी किंवा एसआरजीबीच्या टक्क्यांत लिहितात; ४५ टक्के एनटीएससी लिहिलेल्या पडद्यावर हळद फिकट, मातकट दिसते आणि मरून तपकिरीकडं झुकतो. अशा पडद्यावर काम करणारा नकळत रंग वाढवत जातो. मग लॅबमधून अल्बम येतो तेव्हा नवरीचा चेहरा लालभडक असतो, आणि पार्टी तो परत करते. १०० टक्के एसआरजीबी लिहिलेला पडदाच घ्या. तो स्टिकरवर बऱ्याचदा नसतो, कंपनीच्या पानावर मॉडेलचा पूर्ण नंबर टाकून शोधावा लागतो, कारण एकाच मॉडेलला कंपन्या दोन-तीन प्रकारचे पडदे लावतात. माझ्या मते अल्बम करणाऱ्यानं ग्राफिक्समध्ये एक पायरी खाली उतरावं, पण पडद्यात उतरू नये.

गाळा रस्त्याकडं तोंड करून, समोर काच आणि ऊन असेल तर चकचकीत पडदा नको, मॅट घ्या. ओलेड प्रकारच्या पडद्याचे रंग सुंदर असतात, पण टाइमलाइनच्या त्याच पट्ट्या दिवसभर एकाच जागी राहिल्या तर कालांतरानं त्यांचा डाग उरायची भीती असते. दिवसाला दहा-बारा तास एकच सॉफ्टवेअर उघडं ठेवणाऱ्याला मी ओलेड सांगत नाही.

रिझोल्युशनबद्दल डीटीपीवाल्यांना एक सूचना. २५६० बाय १६०० च्या पडद्यावर व्हिडिओ छान दिसतो, पण पेजमेकर किंवा जुनं कोरल ही पानं मांडायची सॉफ्टवेअरं तिथं मुंग्यांएवढी बटणं दाखवतात. विंडोजनं मोठं केलं की अक्षरं धूसर होतात. त्या प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथं हाय डीपीआय सेटिंग बदलून पाहता येतं. बऱ्याच वेळा काम भागतं. दिवसभर जुन्या सॉफ्टवेअरवरच काम असेल तर १९२० बाय १२०० चा पडदा डोळ्यांना बरा.

ऊन, धूळ आणि लाइन

बहुतेक लॅपटॉपच्या कागदपत्रात वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४३, ४४ ला जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. म्हणजे कंपनीनं ज्या हवेचा विचार केला, त्याहून आपली हवा आधीच गरम. पंखा कितीही फिरला तरी तो बाहेरची हवाच आत ओढणार. म्हणून आपण लॅपटॉप जाड अंगाचा घ्यायचा, मागं आणि दोन्ही बाजूंनी हवा फेकणारा. बारीक अंगाचं भारी मशीन पुण्याच्या एसी ऑफिसात चालेल, परभणीच्या गाळ्यात ते स्वतःला वाचवायला वेग कमी करतं.

तो खालून हवा ओढतो, म्हणून मागची बाजू दोन-तीन इंच उचलून ठेवा. साधं लोखंडी स्टँड पुरतं. टेबलावर प्लास्टिकचं टेबलक्लॉथ किंवा सतरंजी नको. कूलर लावत असाल तर तो खोलीत असू द्या, खोली गार झाली की मशीनलाही फायदाच, पण कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नका. तो ओला झोत आणि त्यातली वाळ्याची, गवताची बारीक भुशी पंख्याच्या जाळीत जाऊन बसते. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा जाळी साफ करून घ्या. काही महागड्या मशीनमध्ये, विशेषतः एसुसच्या आरओजी मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलमध्ये, चिपवर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. ते बोर्डावर सांडलं तर बोर्ड जातो. त्यामुळं हीटसिंक (चिपवरचा थंड करणारा धातूचा भाग) काढायचं काम मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं देऊ नका. वरवरची धूळ काढणं वेगळं, त्यात धोका नाही.

विजेचा हिशोब बघा. भारी लॅपटॉपला २३० ते ३३० वॉटचा अॅडॉप्टर येतो, पण मध्यम मशीन रेंडरला साधारण २०० वॉट ओढतं. तेवढ्याच कामाचा डेस्कटॉप मॉनिटरसकट ४०० च्या पुढं जातो. इन्व्हर्टरला १५० एएचची बॅटरी असेल तर कागदावर १२ गुणिले १५०, म्हणजे १८०० वॉट-तास. लेड बॅटरी पूर्ण उतरवायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो, त्यामुळं हजाराच्या आसपास हाती लागतात. त्यात डेस्कटॉप दोन-अडीच तास, लॅपटॉप पाच तास. पंखा आणि ट्यूब धरली तर दोन्ही कमी करा. इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर अॅडॉप्टर गुणगुणतो आणि जास्त तापतो.

लॅपटॉपच्या स्वतःच्या बॅटरीवर रेंडर करायचं मनात आणू नका. बॅटरीवर गेला की तो ग्राफिक्सचे वॉट पाडतो, आणि जोरात काम असेल तर तासाभरात संपतो. ती बॅटरी लाइन गेल्यापासून इन्व्हर्टर येईपर्यंतचा धक्का सोसायला आहे, आणि तेवढ्यासाठी ती फार मोलाची. यूपीएस नसलेला डेस्कटॉप त्या क्षणी बंद होतो आणि सेव्ह न केलेलं काम जातं. लॅपटॉप घेतल्यापासून ही धास्ती गेली. टाइप-सीच्या १०० वॉट चार्जरवर चार्जिंग होतं, पण पूर्ण वेग मिळत नाही, म्हणून कार्यालयात जाताना मूळ अॅडॉप्टरच न्या.

अर्थिंग तपासून घ्या. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर तुमच्या विजेच्या बोर्डाला बहुधा अर्थिंग नाही. वायरमनला बोलावून आधी ते करा, मग मशीन लावा.

रॅम, एसएसडी, पोर्ट

रॅम ३२ जीबी घ्या, दोन पट्ट्यांत. १६ ची एकच पट्टी असेल तर मेमरीची एकच वाट चालू राहते आणि आतलं ग्राफिक्स मंदावतं. बोर्डावर सोल्डर केलेली रॅम नको, पुढं वाढवता येत नाही. एचएक्स मशीनमध्ये बहुतेक वेळा पट्ट्यांची जागा असते, तरी विचारा.

एसएसडीसाठी माल मोजा. १०० एमबीपीएसवर ४के चित्रण तासाला ४५ जीबी खातं. दोन कॅमेरे, हळद, लग्न, वरात धरली की तीनशे जीबीच्या पुढं सहज. ५१२ ची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ च दिसते, त्यातलं सॉफ्टवेअर वजा करा. १ टीबी आणि दुसरी एसएसडी बसवायला रिकामी जागा, हे किमान.

कार्ड रीडर बऱ्याच गेमिंग लॅपटॉपला नसतो. मग लोक रस्त्यावरचा स्वस्त यूएसबी २ चा रीडर लावतात. तो सेकंदाला ४० एमबीच्या आत ओढतो, १२८ जीबीचं कार्ड उतरायला तास जातो. यूएसबी ३ चा चांगला रीडर घेतला तर तेच पंचवीस मिनिटांत.

किबोर्डला नंबरपॅड पाहिजेच. जुन्या मराठी फाँटातली काही जोडाक्षरं अजूनही अल्ट दाबून नंबरपॅडवरच्या आकड्यांनी काढावी लागतात, आणि नंबरपॅड नसलेल्या १६ इंची मशीनवर डीटीपी ऑपरेटर अडून बसतो. श्रीलिपीसारख्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा लॉक, म्हणजे ते चालू करायला मशीनला लावायचा डोंगल, तुमच्याकडं असेल तर तो नव्या विंडोज ११ वर चालतो का, हे सॉफ्टवेअरवाल्याला आधी विचारा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यावर १६ बिटचे फार जुने प्रोग्राम चालत नाहीत. पॅरलल पोर्टवर (जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टवर) बसणारा जुना लॉक लॅपटॉपला जोडताच येत नाही.

दुकानात आणि पहिल्या आठवड्यात

नांदेड, संभाजीनगर, लातूर, कुठूनही घ्या, पण वॉरंटी कशी आहे ते आधी विचारा. ऑनसाइट म्हणजे इंजिनीअर तुमच्याकडं येतो. कॅरी-इन म्हणजे तुम्ही मशीन घेऊन जायचं. सीझनमध्ये मशीन आठ दिवस सर्व्हिस सेंटरला पडून राहिलं तर दोन लग्नांचं काम अडकतं. म्हणून कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तुमचा पिनकोड सांगून ऑनसाइट तिथं मिळतं का ते विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या. तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी विकत घेणं मला या सगळ्या खर्चात सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. रॅम स्वतः बसवली तर वॉरंटीवर काय परिणाम होतो, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

जीएसटी नंबर असेल तर बिल त्याच नंबरवर घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, ती रक्कम तुमच्या करातून वजा घेता येते. बिलावरचा, खोक्यावरचा आणि मशीनच्या पोटावरचा सिरियल नंबर एकच आहे का ते तिथंच जुळवा. खोकं उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यातच परीक्षा घ्या, कारण तक्रार करायची मुदत तेव्हाच असते. एक खरा प्रोजेक्ट टाका, निदान अर्धा-पाऊण तास एक्सपोर्ट चालेल असा. दुपारी लावा, कूलर बंद ठेवून. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचा गिगाहर्ट्झचा आकडा पाचव्या मिनिटाला कागदावर लिहा, मग पंधराव्या आणि पस्तिसाव्या मिनिटाला. ग्राफिक्सचं तापमानही तिथंच दिसतं. प्रोसेसरचं बघायला एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर आहे. एचएक्स चिप ९५ अंशांपर्यंत जाते, त्याला घाबरू नका. आकडा पडतो का ते बघा. सुरुवातीला थोडा उतरून मग एका जागी टिकला तर मशीन चांगलं. तो उतरतच राहिला, एक्सपोर्टचा उरलेला वेळ वाढत गेला, तर स्टँड लावून पुन्हा बघा. तरीही तसंच असेल तर व्हिडिओ काढून लगेच तक्रार टाका.

मशीन पसंत पडलं की कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावा, साठ मिळत असेल तर साठ. दिवसभर प्लगवर, उन्हाळ्यात, १०० टक्के भरलेली बॅटरी फुगू शकते, आणि फुगली की टचपॅड वर उचलायला लागतं. ज्या दिवशी कार्यालयात न्यायचं त्याच्या आदल्या रात्री मर्यादा काढून पूर्ण भरा.

जुना डेस्कटॉप एवढ्यात विकू नका. त्याचे फार पैसे येत नाहीत. त्यात दोन मोठ्या हार्ड डिस्क बसवून गाळ्यात कोपऱ्यात ठेवा आणि लॅनच्या वायरनं लॅपटॉपला जोडा. संपलेल्या लग्नांचा डाटा तिथं एक प्रत, बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी. त्यावर विंडोज १० असेल तर त्याचा कंपनीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणून तो डेस्कटॉप इंटरनेटला जोडू नका. जुना डोंगल आणि पेजमेकर लागलाच तर त्यावरच चालवा.